डोलकाठीवर क्लीट, कप्पी किंवा विंच स्वतः बसवायची असेल तर

मुंबई बंदरात शिडाच्या बोटींचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळा तोंडावर आला की बोटी पाण्याबाहेर येतात, डोलकाठ्या उतरतात आणि पुढचे चार महिने लाकडी घोड्यांवर आडव्या पडून राहतात. डोलकाठीवर नवीन क्लीट (दोर गुंडाळून अडकवायची शिंगांची खुंटी), कप्पी, दोर ओवायचा डोळा किंवा विंच (दोर ताणायचा, हँडलने फिरणारा ड्रम) बसवायची असेल तर हाच काळ. उभ्या डोलकाठीवर दोराला लटकून, एका हातात ड्रिल धरून हे काम पहिल्यांदा करायला जाऊ नका.

नव्याने बोट घेतलेले लोक घाबरतात ते भोक पाडायला. भोक पाडायला पाच मिनिटं पुरतात. वेळ द्यायचा तो त्याच्या आधी: दोराची ओढ कोणत्या दिशेने येणार, डोलकाठीच्या पोकळ नळीच्या आत काय काय आहे आणि कोणता धातू कोणाला टेकणार, हे ठरवण्यात. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस स्टील एकमेकांना थेट टेकले की काय होतं, हे कळलं तर या कामातल्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

पुढचं सगळं २० ते २५ फुटी बोटीची ॲल्युमिनियमची डोलकाठी आणि तिच्यावर बसवायची एक साधी दोन शिंगांची क्लीट, असं धरून लिहिलं आहे. डिंगी (लहान उघडी बोट), लाकडी काठी आणि कार्बनची काठी यांचं वेगळं ते शेवटाकडे आहे.

एक मर्यादा आधीच पाळा. डोलकाठीला उभं धरणाऱ्या तारा जिथे जोडल्या जातात ते भाग, स्प्रेडरचे (त्या तारा बाजूला पसरून धरणाऱ्या आडव्या दांड्यांचे) ब्रॅकेट आणि बूम (शिडाची खालची कड धरणारा आडवा दांडा) जिथे डोलकाठीला जोडला जातो तो सांधा, ही कामं अनुभवी रिगरकडे, म्हणजे डोलकाठ्या आणि तारांचं काम करणाऱ्या कारागिराकडे द्या. तिथे चूक झाली तर अख्खी डोलकाठी डोक्यावर येते. शिडं चढवायचे-ताणायचे दोर अडकवण्याच्या वस्तू मात्र काळजीपूर्वक काम करणारा कोणीही बसवू शकतो.

१. ओढ कुठून येणार ते आधी काढा

कागदावर डोलकाठीची एक उभी रेघ ओढा. दोर वरून कुठून येतो, वस्तूला कुठे भेटतो आणि तिथून कुठे जातो, ते बाणांनी दाखवा. आता बघा, ती वस्तू डोलकाठीच्या अंगाला समांतर घसरू पाहते की बाहेर उपटली जाऊ पाहते?

क्लीटवर येणारी ओढ बहुतेक समांतर असते. अशा ओढीला रिव्हेट (भोकात घालून गनने त्याची काडी ओढली की आतून फुगून घट्ट बसणारा पोकळ खिळा) आणि स्क्रू दोन्ही चांगले टिकतात. डोळ्याला अडकवलेली कप्पी जर बाहेरच्या दिशेला खेचत असेल तर रिव्हेटवर विसंबू नका. रिव्हेट आडव्या ओढीला भक्कम आणि उपटणाऱ्या ओढीला कच्चा असतो. तिथे जाड भिंतीत आटे पाडून स्क्रू लावा. ओढ मोठी असेल तर डोलकाठीला कवेत घेणारी, वक्र बुडाची मोठी पट्टी वापरा.

कप्पीच्या बाबतीत हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे ती दोरापेक्षा जास्त भार घेते. दोर कप्पीवरून पूर्ण उलटा फिरत असेल तर दोरातल्या ओढीच्या दुप्पट भार कप्पीवर येतो आणि काटकोनात वळत असेल तर सुमारे १.४ पट. दोरात १०० किलोची ओढ असेल तर पहिल्या कप्पीवर २००, दुसरीवर १४०. वस्तूच्या पाकिटावर लिहिलेली क्षमता या आकड्याशी ताडून बघा, दोरातल्या ओढीशी नाही.

२. नळीच्या आत काय आहे ते बघा

डोलकाठी पोकळ असते, पण रिकामी नसते. आतून हॅलियार्ड (शीड वर चढवायचे दोर) जातात, वरच्या दिव्याची वायर जाते, व्हीएचएफ रेडिओच्या अँटेनाची केबल जाते. वायरी कधी वेगळ्या पाइपातून जातात, कधी नुसत्याच लोंबत असतात. डोलकाठीच्या बुडाचा ओतीव तुकडा निघत असेल तर तो काढा आणि टॉर्च मारून आत बघा. वायरींचा पाइप कोणत्या बाजूला चिकटवला आहे, त्याची खूण बाहेरून टेपने करा.

मग ज्या बाजूला भोक पाडायचं ती बाजू वर येईल अशी डोलकाठी घोड्यांवर फिरवून घ्या. सैल वायरी आणि दोर आपोआप खालच्या बाजूला पडतात आणि ड्रिलच्या टोकापासून लांब राहतात. पाइपातल्या वायरी मात्र अशा सरकत नाहीत, म्हणून ती टेपची खूण.

मागच्या बाजूला शिडाची कड सरकते ती खाच असते. तिच्या जवळपास भोक पाडलं आणि स्क्रूचं टोक खाचेत आलं, तर शीड अर्ध्यावर अडकतं. तेही नेमकं वारा वाढल्यावर, शीड खाली घ्यायची घाई असताना.

३. धातू

मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

जुन्या बोटीवरची क्लीट काढून बघा. बुडाखाली पांढरी भुकटी दिसेल, बोटांना चुन्यासारखी लागेल, आणि स्क्रूच्या भोवतीचा रंग फोड आल्यासारखा फुगलेला असेल. ती भुकटी म्हणजे झिजलेलं ॲल्युमिनियम. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की तिथे एक छोटी बॅटरी तयार होते. ॲल्युमिनियम आणि स्टेनलेस या जोडीत झिजतं ते ॲल्युमिनियम. डोलकाठी मोठी आणि स्क्रू लहान असल्यामुळे झीज सावकाश होते, पण होते ती बरोबर भोकाच्या कडेला, जिथे आट्यांनी स्क्रू पकडून ठेवायचा असतो. शिवाय ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. त्यामुळे आटे कमजोर होतात आणि स्क्रू मात्र असा घट्ट बसतो की काढताना डोकं तुटतं.

उपाय म्हणजे दोन्ही धातूंमध्ये पडदा ठेवायचा. वस्तूच्या बुडाखाली नायलॉनचा किंवा जाड प्लास्टिकचा पातळ तुकडा त्याच मापात कापून घाला. स्क्रूच्या आट्यांना, रिव्हेटला आणि भोकाच्या कडेला ड्युरालॅक किंवा टेफ-जेलसारखा धातू वेगळे ठेवणारा लेप लावा. ड्युरालॅकमध्ये बेरियम क्रोमेट असतं, हातमोजे घाला. गॅरेजमध्ये मिळणारं तांब्याची पूड असलेलं ग्रीस इथे चालत नाही. तांबं ॲल्युमिनियमला स्टेनलेसपेक्षाही जास्त त्रास देतं. त्याच कारणाने पितळेचे स्क्रू ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर लावू नयेत.

स्टेनलेस घेताना ३१६ मागा. ३०४ वर खाऱ्या हवेत लवकर तपकिरी डाग येतात. बोल्टच्या डोक्यावर ए४ असा शिक्का असेल तर तो ३१६ च्या जातीचा, ए२ असेल तर ३०४ च्या. चुंबक चिकटलं नाही म्हणजे ३१६, असं दुकानात अनेकदा सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नका, या दोन जाती चुंबकाने वेगळ्या ओळखता येत नाहीत. शिक्का बघा, बिलावर ग्रेड लिहून घ्या.

रिव्हेटमध्ये तीन पर्याय. ॲल्युमिनियमचे रिव्हेट हलक्या वस्तूंना ठीक, दोराची ओढ येते तिथे नकोत. स्टेनलेसचे मजबूत. मोनेलचे, म्हणजे साधारण दोन भाग निकेल आणि एक भाग तांबं असलेल्या मिश्रधातूचे, डोलकाठीच्या कामात सर्रास वापरले जातात. मोनेल आणि स्टेनलेस या दोघांनाही लेप लागतोच.

४. सामान आणि कागद

मुंबईत हत्यारं, बोल्ट, टॅप यांच्यासाठी नागदेवी स्ट्रीट, पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी. लेप आणि मोनेलचे रिव्हेट सामान्य हार्डवेअरच्या दुकानात सहसा मिळत नाहीत. ते आधी मागवून ठेवा, नाहीतर भोकं पाडून काम अडतं.

लागणाऱ्या वस्तू:

- वेग कमी-जास्त करता येणारं ड्रिल मशीन आणि नवीन, धारदार एचएसएस बिट
- सेंटर पंच, हातोडी, व्हर्नियर
- एम ५ किंवा एम ६ चा (५ किंवा ६ मिलिमीटरच्या स्क्रूसाठी) टॅप, म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, आणि त्याचं हँडल, किंवा दोन्ही हातांनी दाबायची लांब दांड्यांची रिव्हेट गन
- गोल कानस, बारीक सँडपेपर
- मास्किंग टेप, जाड कागद, मार्कर
- थोडं रॉकेल किंवा पातळ तेल
- लेप, प्लास्टिकचा तुकडा, हातमोजे, डोळ्यांना चष्मा

एका हाताच्या स्वस्त रिव्हेट गनने ४.८ मिलिमीटरचा मोनेल रिव्हेट ओढला जात नाही. जोर लावून काडी अर्धवट तुटते आणि रिव्हेट सैल राहतो. लांब दांड्यांची गन भाड्याने आणा, उसनी आणा, पण तीच वापरा.

कागदपत्रांत दोनच गोष्टी. बोट एखाद्या वर्गाच्या (एकाच ठरलेल्या बनावटीच्या बोटींच्या) शर्यतीत उतरत असेल तर त्या वर्गाचे नियम आधी वाचा. एंटरप्राइझ, आयएलसीए अशा वर्गांत डोलकाठीवर काय चालतं आणि काय नाही हे ठरलेलं असतं आणि आयएलसीएचे नियम फारच कडक आहेत. दुसरी गोष्ट, बोटीच्या वहीत एक पान डोलकाठीसाठी ठेवा: बुडापासून किती अंतरावर, कोणत्या बाजूला, किती मापाचं भोक, कोणता स्क्रू. पुढच्या वर्षी हे पान तुम्हालाच लागेल.

५. जागा आखा, आणि लगेच भोक पाडू नका

वस्तूचं बूड जाड कागदावर ठेवून आकार आणि भोकं उतरवून घ्या. तो कागद डोलकाठीवर टेपने चिकटवा. वस्तूही टेपने तात्पुरती बसवा आणि दोर खरोखर गुंडाळून बघा.

क्लीट दोराच्या रेषेत अगदी सरळ ठेवू नका, १० ते १५ अंश तिरपी ठेवा. सरळ ठेवली तर पहिलाच वळसा स्वतःखाली अडकतो. उंची साधारण छातीपर्यंत, म्हणजे डेकवर उभं राहून अंगाचं वजन दोरावर टाकता येतं.

विंच असेल तर दोर ड्रमवर बुडाच्या बाजूने, किंचित तिरपा चढला पाहिजे. तो वरच्या कडेकडून आला तर वळसे एकमेकांवर चढतात आणि भार असताना ते सोडवता येत नाहीत. विंचचं हँडल पूर्ण गोल फिरवून बघा. बूम दोन्ही बाजूंना पूर्ण बाहेर गेल्यावर हँडलला किंवा तुमच्या बोटांना लागत नाही ना, हे आडव्या डोलकाठीवर बूमचं माप धरूनच तपासावं लागेल.

डोलकाठीच्या पुढच्या तोंडावर शक्यतो काही बसवू नका. बोट वळवताना जिबचे (पुढच्या शिडाचे) दोर तिथून घासत जातात आणि बाहेर आलेल्या प्रत्येक शिंगाला अडकतात.

आता भोकांची मांडणी. एकाच उंचीवर डोलकाठीच्या घेराभोवती ओळीने भोकं पाडू नका. तिकिटांच्या कागदावर टोचे मारलेली रेघ जशी फाटते, तशी डोलकाठी त्याच रेषेत मुडपते. दोन्ही बाजूंना क्लीट लावायच्या असतील तर एक दुसरीपेक्षा वर-खाली ठेवा. स्प्रेडरच्या आसपास, बूमच्या सांध्यापाशी, आणि डोलकाठी डेकमधून खाली जात असेल तर डेकच्या पातळीजवळ भोकं टाळा. वाकण्याचा ताण तिथेच साठतो.

६. भोक

भिंतीची जाडी व्हर्नियरने मोजा, बुडाशी किंवा जुन्या भोकाच्या कडेला मोजता येते. ३ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर आटे पाडून स्क्रू. त्याहून पातळ असेल तर रिव्हेट. भिंत ३ मिलिमीटर असेल तर एम ५ च्या स्क्रूला जेमतेम पावणेचार आटे मिळतात, कारण त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर ०.८ मिलिमीटर असतं. एम ६ घेतला तर आटे तीनच. जाड स्क्रू लावून फायदा होतो, पण थोडाच.

बिटची मापं अशी: एम ५ च्या आट्यांसाठी ४.२ मिलिमीटर, एम ६ साठी ५, आणि ४.८ च्या रिव्हेटसाठी ४.९, फार तर ५.

सेंटर पंचने खूण ठोका, नाहीतर वक्र पृष्ठभागावर बिट घसरतं आणि ॲनोडाइजच्या (ॲल्युमिनियमवरच्या संरक्षक) थरावर ओरखडा उठतो. बिटवर टोकापासून सुमारे ८ मिलिमीटरवर टेप गुंडाळा, म्हणजे भिंत पार झाल्यावर बिट आत घुसणार नाही. आधी ३ मिलिमीटरचं भोक, मग पूर्ण मापाचं. वेग मध्यम, टोकावर रॉकेलचा थेंब, आणि जोर कमी. ॲल्युमिनियम मऊ असल्यामुळे ते बिटच्या खाचांत चिकटतं. मधूनमधून बिट बाहेर काढून पुसा.

एकदम सगळी भोकं पाडू नका. पहिलं भोक पाडा, वस्तू त्यात स्क्रूने हलकी अडकवा, नीट फिरवून कोन जुळवा, मग समोरचं दुसरं भोक. आणखी असतील तर त्याच पद्धतीने एकेक. असं केलं तर शेवटचं भोक अर्धा मिलिमीटर बाजूला पडलं आणि स्क्रू तिरका घुसला, हा प्रकार होत नाही.

कडेवरची धार कानसने किंवा मोठ्या बिटने हाताने फिरवून काढा. हॅलियार्ड बाहेर येण्यासाठी लांबट खाच कापायची असेल तर तिची दोन्ही टोकं गोल हवीत. चौकोनी कोपऱ्यापासून तडा सुरू होतो.

७. आटे पाडणं किंवा रिव्हेट मारणं

टॅप अगदी काटकोनात धरा, तेल लावा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवल्यावर चुरा तुटतो. टॅप घट्ट लागला तर जोर करू नका, बाहेर काढून साफ करा. टॅप भोकात तुटला तर तो काढणं फार कटकटीचं असतं.

स्क्रूची लांबी नीट मोजा: वस्तूचं बूड, प्लास्टिकचा तुकडा आणि भिंत यांची बेरीज, वर फार तर एक-दोन मिलिमीटर. त्याहून लांब स्क्रूचं टोक आतल्या हॅलियार्डला प्रत्येक हेलकाव्याला घासत राहतं. बाहेरून काहीच दिसत नाही आणि एक दिवस दोर तुटतो.

रिव्हेट घेताना पाकिटावर किती ते किती जाडी पकडतो हे दिलेलं असतं, त्यात तुमची बेरीज बसली पाहिजे. मारताना वस्तू आणि डोलकाठी यांच्यात फट नको. काही मोनेल रिव्हेटची आतली काडी साध्या लोखंडाची असते. तिचा उरलेला तुकडा गंजून डोलकाठीवर तांबडे ओघळ सोडतो. पंचने तो आत पाडा आणि डोलकाठी तिरपी करून बुडातून बाहेर काढा. सोबत ड्रिलचा चुराही काढा. चुंबकाने ॲल्युमिनियमचा चुरा निघत नाही, त्यासाठी डोलकाठी उचलून, ठोकून, शक्य असेल तर पाणी मारून साफ करावी लागते. चुरा आत राहिला तर तो कप्प्यांत आणि दोरात जातो, आणि रिव्हेटचे तुकडे रात्रभर आत खडखडत राहतात.

८. बसवा

सगळं एकदा कोरडं जुळवून बघा. मग भोकं पुसा, लेप लावा, प्लास्टिकचा तुकडा ठेवा, वस्तू ठेवा, स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं नको. बूड एका बाजूला उचललं जातं. चांगला आवळला की थांबा. ॲल्युमिनियमचे आटे जास्त जोराने सहज निघून येतात. आटे गेलेच तर पुढच्या मापाचा टॅप मारा, म्हणजे एम ५ चा एम ६.

सपाट बुडाची वस्तू गोल डोलकाठीवर टेकवून आवळू नका. ती दोन कडांवर डुगडुगते आणि स्क्रू एकेक करून सैल होतात. वक्र बूड मिळतं, किंवा कठीण प्लास्टिकचा ठोकळा सँडपेपर डोलकाठीवर गुंडाळून त्यावर घासत हव्या त्या वळणाचा करता येतो. विंचसाठी असा ठोकळा लागतोच.

९. जुनी भोकं

उघडी ठेवू नका. लहान भोक लेप लावलेल्या रिव्हेटने किंवा छोट्या स्क्रूने बुजवा. मोठं भोक किंवा तडा असेल तर रिगरला दाखवा, तो वरून पट्टी लावेल.

फॅब्रिकेशनवाले आर्गन वेल्डिंग करून बुजवून देऊ म्हणतील. नको म्हणा. डोलकाठीचं ॲल्युमिनियम बहुधा ६०६१ किंवा ६०६३ जातीचं, टी६ प्रक्रियेचं असतं. त्याची ताकद ठरावीक तापमानाला तापवून आणलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा पट्टा मऊ पडतो आणि डोलकाठी पुढे तिथेच वाकते.

१०. डोलकाठी वेगळी असेल तर

डिंगीची काठी अनेकदा दोन्ही टोकांना बंद केलेली किंवा आत फोम भरलेली असते. बोट कलंडली की ही हवाबंद काठी तरंगते आणि बोट पूर्ण उलटी होण्यापासून वाचते. खडकवासल्यासारख्या गोड्या पाण्यातही हे तितकंच लागू. तिथे बंद टोकाचे रिव्हेट वापरा आणि प्रत्येक भोकाला सीलंट लावा.

लाकडी काठीला सिलिकॉन ब्राँझचे स्क्रू. भोक थोडं मोठं पाडून इपॉक्सीने भरायचं, वाळल्यावर त्यात स्क्रूचं भोक. पाणी लाकडात शिरलं नाही पाहिजे, एवढंच ध्यान.

कार्बनच्या काठीवर भोक पाडायचं असेल तर बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका. कार्बनला ॲल्युमिनियमची वस्तूही थेट टेकवायची नाही, कारण तिथेही झिजतं ते ॲल्युमिनियमच.

११. उभी करताना आणि नंतर

डोलकाठी उचलण्यापूर्वी वर बघा. यार्डातून, धरणाच्या काठाने जाणाऱ्या विजेच्या तारा हा या सगळ्या कामातला सगळ्यात मोठा धोका आहे. ॲल्युमिनियमची नळी आणि ओलं अंग, याहून वाईट जोडी नाही. एक माणूस फक्त तारांवर लक्ष ठेवायला उभा करा, त्याला दुसरं काम देऊ नका.

उभी झाल्यावर पहिल्यांदा हलक्या वाऱ्यात नवीन क्लीटवर भार द्या. परत आल्यावर बूड हलतंय का ते हाताने बघा, स्क्रू पुन्हा तपासा. त्यानंतर हंगामात महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा आणि बुडाच्या कडेने बोट फिरवा. पांढरी भुकटी लागली तर पुढच्या पावसाळ्याची वाट न बघता एकेक स्क्रू काढा, आटे ब्रशने साफ करा आणि नवीन लेप लावून परत बसवा. पहिल्या वर्षी हा स्क्रू हाताने निघतो, तीन-चार वर्षांनी तो ड्रिल करूनच काढावा लागतो.